स्वस्त हवं, देशी हवं आणि टिकाऊही हवं!

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकर मंडळींमध्ये एक चर्चा ठरलेली असते. कुणाच्या सॅकची चेन गेलेली असते, कुणाचा पाँचो गळत असतो, कुणाच्या तंबूची काठी मागच्या वर्षी मोडलेली असते. नवीन काय घ्यावं यावर खल सुरू होतो. त्यात एखादा भाबडा जीव म्हणतो, "इथल्याच माणसाकडून शिवून घे की, चांगलं काम करतात." आणि लगेच दुसरा उसळतो, "वेडा की काय! तेवढ्याच लिटरची सॅक मॉलमध्ये दीड हजाराला मिळते, आणि हा इथला बाबा साडेतीन हजार मागतो. इथे मजुरी स्वस्त, भाडं कमी, जाहिरातीचा खर्च नाही. मग साडेतीन हजार कशाचे? लूट आहे नुसती."

हा 'लूट' शब्द माझ्या डोक्यात जातो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहे. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा. आमच्या घरच्या मंडळींपैकी ज्यांना सॅक म्हणजे 'त्याची ती मळकी पिशवी' एवढीच ओळख आहे, त्यांनीही वाचावं. कारण गोष्ट सॅकची असली तरी आपल्याकडे कुठलीही चांगली वस्तू लहान माणसाने बनवायला घेतली की त्याचं काय होतं, त्याचीही आहे.

आधी एक कबूल करू. देशी वस्तू महागच असते असं मुळीच नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही विचारा, ॲक्शन ट्रेकिंगचे बूट माहीत नाहीत असा माणूस मिळणार नाही. ओल्या कातळावर त्या तळव्याची पकड भल्याभल्या विलायती बुटांना मागे टाकायची, आणि किंमत त्यांच्या पाव पटही नसायची. त्याआधीच्या पिढीने हिरव्या कॅनव्हासच्या हंटर बुटांवर अख्खा सह्याद्री पालथा घातला. दोन्ही शंभर टक्के देशी, दोन्ही स्वस्त. मग बूट स्वस्त आणि सॅक महाग, असं का? देशी असणं हे महागाईचं कारण असतं तर दोन्ही महाग हवे होते.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं. ज्या फ्रेंच दुकानातली दीड हजाराची सॅक दाखवून आपण इथल्या माणसाला चोर ठरवतो, ती डेकॅथलॉन कंपनी आपल्या मालापैकी बराचसा भारतातच बनवून घेते. म्हणजे तेच हिंदुस्थानी कारागीर, तीच वीज, तेच रस्ते, तेच सरकार. मग 'आपल्या लोकांना शिवता येत नाही', 'आपले लोक आळशी', 'आपल्याकडे क्वालिटी नाही' ही सगळी ठेवणीतली वाक्यं बाजूला ठेवायला हरकत नाही. शिवता येतं. उत्तम येतं. ती सॅक इथल्याच माणसाने शिवलेली असूनही स्वस्त पडते.

तेव्हा माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. देशी महाग नसतं, लहान महाग असतं. आणि आपल्या देशात लहान राहायला लावणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत, की लहान म्हणजेच देशी असा आपला समज होऊन बसला आहे.

आता हे 'लहान महाग' म्हणजे काय ते बघू. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे कटिंग मास्तर, तरुणपणी डोंगरांचा नाद, त्यातून सॅक शिवायला लागले. चार शिलाई मशीन, एक बारटॅकचं मशीन, पाच-सहा माणसं. त्यांच्याकडे बसून मी एकदा जुनी सॅक पूर्ण उसवली आणि तुकडे मोजायला घेतले. कापडाचे तुकडे, अस्तर, फोम, जाळी, पट्टे, चेन, बकलं, लूप, पायपिंग. शंभरी गाठत आली. पँट-शर्टासारखं हे काम नाही मंडळी. खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडला जातो तिथे एका टाक्यावर पंधरा-वीस किलो लटकणार असतात, आणि तो टाका हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर सुटला तर तिथे शिंपी बसलेला नसतो.

मोठ्या कारखान्यात हे काम लाइनीवर होतं. एक बाई दिवसभर फक्त खिशाची चेन लावते, दुसरी फक्त पट्टे वळवते. हात बसतो, वेग येतो, चूक होत नाही. अण्णांच्या इथे एकच कारागीर सकाळी बाजूचे खिसे शिवतो, दुपारी झाकण, संध्याकाळी पाठ. काम सुरेख होतं, पण वेळ कितीतरी पट लागतो. 'इथे मजुरी स्वस्त' असं आपण म्हणतो तेव्हा रोजाचा दर बघतो. एका सॅकमागे किती रोज पडले ते बघत नाही.

आणि मजुरी हा त्यातला लहान भाग. खरा मार माल विकत घेताना बसतो.

सॅकचं कापड म्हणजे काही रविवार पेठेत ठाणावर मिळणारं रेक्झिन नव्हे. उच्च ताकदीचा नायलॉन किंवा पॉलिस्टर धागा, घट्ट वीण, आतून पीयूचा थर. आपला देश पॉलिस्टरच्या धाग्यात जगातल्या अगदी मोठ्या उत्पादकांपैकी आहे. पण तो धागा बहुतांशी साड्या, ड्रेस मटेरियल आणि शर्टिंगकडे जातो. सॅक-तंबूचं खास कापड विणणाऱ्या गिरण्या मोजक्या, आणि त्यांना ऑर्डर हवी हजारो मीटरची, तीसुद्धा एका रंगात. अण्णांच्या एका सॅकला जेमतेम अडीच मीटर कापड लागतं. समजा गिरणीने दोन हजार मीटरची अट घातली, तर एका रंगाच्या आठशे सॅक झाल्या. वर्षभरात त्यांच्या सगळ्या रंगांच्या मिळून तेवढ्या खपत नाहीत. मग ते मुंबईच्या व्यापाऱ्याकडून तैवान किंवा चीनमधून आलेल्या मालाचे उरलेले रोल घेतात. भाव व्यापारी सांगेल तो. पुढच्या खेपेला तोच रंग मिळेल याची खात्री नाही. तुम्ही विचारता ना, 'मागच्या वर्षीचा तो शेवाळी रंग का नाही?' त्याचं उत्तर हे आहे.

बकलचंही तसंच. बकल साच्यातून निघतं. समजा साचा दोन लाखांचा आहे. पाचशे सॅकवर तो खर्च वाटला तर सॅकमागे चारशे रुपये पडले. पन्नास हजार सॅकवर वाटला तर चार रुपये. बकल तेच, प्लास्टिक तेच. फरक फक्त आकड्याचा. चेनची गोष्ट जरा बरी, कारण जपानच्या वायकेकेचा कारखाना हरियाणात बावलला आहे. पण तिथेही मोठ्या गिऱ्हाईकाचा भाव आणि अण्णांचा भाव एक नाही, आणि असणारही नाही.

तंबूकडे गेलात तर आणखी मजा. चांगल्या तंबूच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या म्हटलं की जगभरचे नामवंत लोक दक्षिण कोरियाच्या डीएसी नावाच्या कंपनीकडे जातात. पाऊस आत येऊ नये म्हणून शिवणीवर गरम हवेने पट्टी चिकटवणारं मशीन लागतं, ते वेगळंच. आणि गोअर-टेक्सचं जाकीट? ते कापड कुणालाही पैसे टाकून विकत मिळत नाही. गोअर कंपनीने मान्यता दिलेल्या कारखान्यांनाच ते वापरता येतं. 1969 साली बॉब गोअरने टेफ्लॉन ताणून तो पदर बनवला. तेव्हापासून कंपनीने आपली विद्या अशी जपली आहे. त्यांचा हक्कच आहे तो. पण मग 'आपल्याकडे तसं जाकीट का नाही बनत' असं अण्णांना विचारण्यात अर्थ नाही.

आता सरकारकडे वळतो. इथे माझा आवाज थोडा चढणार आहे, सांभाळून घ्या.

2017 च्या जुलैमध्ये जीएसटी आला तेव्हा कृत्रिम धाग्यांच्या बाबतीत एक अजब रचना झाली. मूळ तंतूवर 18 टक्के, सुतावर आधी 18 आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून 12 टक्के, आणि कापडावर 5 टक्के. म्हणजे कच्च्या मालावर जास्त कर आणि पक्क्या मालावर कमी. विणकराने भरलेला जास्तीचा कर अडकून पडायचा. सुरुवातीला तर कापडवाल्यांना त्याचा परतावाही नव्हता, तो 2018 च्या ऑगस्टपासून मिळू लागला. परतावा मिळणं म्हणजे काय हे ज्याने एकदा अर्ज केलाय त्याला विचारा. मोठ्या गिरणीला सहा महिने पैसे अडकले तरी चालतं. छोट्याचं भांडवलच तेवढं असतं. ही उलटी गंगा सरळ व्हायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. तेव्हा कुठे तंतू, सूत आणि कापड तिन्ही 5 टक्क्यांवर आले. आठ वर्षं! आठ वर्षांत किती छोटे विणकर तांत्रिक कापडाच्या वाटेला गेलेच नसतील, याचा हिशेब कुठल्याही फायलीत सापडणार नाही.

त्याच सुमारास, 2018 च्या ऑगस्टमध्ये, कापडाशी संबंधित तीनशेहून जास्त वस्तूंवरची आयात जकात 10 वरून 20 टक्क्यांवर नेली. हेतू काय? देशी उत्पादकाला संरक्षण. ऐकायला छान. पण 2010 पासून आपला आसियान देशांशी मुक्त व्यापाराचा करार आहे. व्हिएतनामच्या कारखान्याने चीनचं कापड घेतलं, आपल्या देशात कापून शिवून ठरलेली 35 टक्के मूल्यवाढ दाखवली आणि बाकीच्या अटी पाळल्या, की करारात बसणारा तयार माल सवलतीच्या जकातीत आपल्याकडे येऊ शकतो. अण्णांनी तेच चिनी कापड आणलं तर त्यावर भरपूर जकात. म्हणजे संरक्षण मिळालं कापडवाल्याला, आणि शिवणारा उघड्यावर. अहो, कापड ही ज्याची कच्ची वस्तू आहे त्याच्यासाठी कापडावरची जकात हे संरक्षण नसतं, तो दंड असतो.

एवढ्यावर भागलं नाही. 2023 पासून पॉलिस्टरच्या तंतूवर आणि सुतावर गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश आले. परदेशी उत्पादकाने आपल्या बीआयएसचा परवाना घेतल्याशिवाय माल यायचा नाही. गुणवत्ता कुणाला नको आहे? पण परिणाम असा की खास प्रकारचं सूत बाहेरून आणणं अवघड झालं आणि देशातल्या दोन-चार बड्यांकडूनच घ्यायची पाळी आली. शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारनेच यातले बरेच आदेश मागे घेतले. म्हणजे ज्यांनी दोन वर्षं बोंब मारली ते अगदीच खोटं बोलत नव्हते तर.

आणि तयार सॅकवर 18 टक्के जीएसटी आहेच. तो बाहेरून आलेल्या सॅकवरही लागतो, त्यामुळे तेच महागाईचं कारण असं मी म्हणणार नाही. पण एक गोम बघा. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणी करावी लागत नाही. पण अण्णांनी एक सॅक बंगळूरला कुरियर केली की राज्याबाहेरची विक्री झाली, मग नोंदणी सक्तीची. महिन्याचे रिटर्न आले, सीए आला, त्याची फी आली. मोठ्या कंपनीत या कामाला एक विभाग असतो. इथे तो विभाग म्हणजे अण्णांची सून, रात्री जेवणं झाल्यावर.

दुकानदाराचं बोलायचं राहिलंच. समजा अण्णांच्या हातात सॅकमागे दोन हजार यायला हवेत. त्यावर दुकानदाराचे आठशे धरा. झाले अठ्ठावीसशे. त्यावर 18 टक्के म्हणजे पाचशे चार. तीन हजार तीनशे चार रुपये. झाली की नाही 'लूट'? बरं, दुकानदार रोख देतो का? छे! माल ठेवून घेतो, विकला की पैसे, नाही विकला तर परत. छोट्या उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा कायदा 2006 पासून आहे. 2024 पासून आयकरातही त्याची अडकवणूक केली आहे, की वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. पण दुकानदारावर कायदा दाखवणारा कारागीर पुढच्या हंगामात त्या दुकानाबाहेर असतो. अण्णा सावकारी व्याजाने कापड आणतात आणि त्या व्याजाचा वाटा तुमच्या सॅकच्या किमतीत असतो. डेकॅथलॉनसारख्याला दुकान स्वतःचं, माल स्वतःचा, मधला कुणी नाही.

आता कुणी म्हणेल, मग अमेरिकेत काय वेगळं आहे? तिथेही देशी माल महागच. आमचा मामेभाऊ सिएटलला असतो, तो हेच सांगतो. बरोबर आहे. तिथे कारण सरळ आहे. 2009 पासून केंद्रीय किमान वेतनच तासाला सव्वासात डॉलर आहे, आणि बऱ्याच राज्यांत त्याहून पुष्कळ जास्त. म्हणूनच कॅलिफोर्नियात 1974 साली सुरू झालेल्या ऑस्प्रेसारख्या कंपनीनेही आपलं शिवणकाम व्हिएतनामला नेलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे आजही छोटे लोक गॅरेजात, शेडमध्ये सॅक शिवतात आणि बऱ्यापैकी जगतात. त्यांना उत्तम देशी नायलॉन मिळतं. का मिळतं? 1941 पासून तिथे बेरी अमेंडमेंट नावाचा कायदा आहे. सैन्याचे कपडे, तंबू, कापड हे सूत-धाग्यापासून अमेरिकेतच बनलेलं हवं. त्यामुळे सगळ्या गिरण्या चीनला गेल्या तरी थोड्या टिकल्या, सैन्याच्या ऑर्डरवर. आणि सैन्यासाठी विणलेल्या कापडाचे रोल त्या गॅरेजवाल्यालाही मिळतात. मोठ्या झाडाच्या सावलीत रोपटं वाढावं तसं.

आपल्याकडे असं झाड नव्हतं का? 1984 पासून आपले जवान सियाचीनवर आहेत. जगात इतक्या उंचीवर, इतकी वर्षं, इतक्या थंडीत दुसरी कुठलीच फौज राहिलेली नाही. थंडीचे कपडे, झोपायच्या पिशव्या, तंबू, बूट, सॅक यांचा आपल्याइतका अनुभवी आणि खात्रीचा गिऱ्हाईक जगात नसेल. त्या गिऱ्हाईकाच्या जोरावर चाळीस वर्षांत आपल्याकडे अव्वल दर्जाचं कापड, काठ्या, चेन, बकलं बनवणारी अख्खी साखळी उभी राहायला हवी होती. प्रत्यक्षात काय झालं? खास थंडीचे कपडे आणि सामान पुष्कळसं बाहेरून येत राहिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या अहवालात उंचावरच्या जवानांच्या कपड्यांची आणि सामानाची टंचाई असल्याचा स्पष्ट ठपका आहे. तो वाचून मला तरी लाज वाटली. आता संरक्षण खातं देशी खरेदीवर जोर देतंय, चांगलंच आहे. पण जोपर्यंत सगळ्यात कमी भाव भरणाऱ्यालाच ऑर्डर ही पद्धत आहे, तोपर्यंत देशी म्हणजे कमअस्सल हीच ओळख पक्की होणार.

इथवर सरकारला बोलून झालं. सरकारला बोलणं सोपं असतं, सगळे टाळ्या वाजवतात. आता आपल्याकडे वळू.

2020 च्या जूनमध्ये गलवानची चकमक झाली. त्यानंतर महिनाभर माझ्या फोनवर चिनी मालावर बहिष्काराचे निरोप येत होते. अण्णांनाही खूप फोन आले. "तुमची सॅक पूर्ण भारतीय आहे ना?" अण्णा खरा माणूस. ते म्हणायचे, "शिवण भारतीय आहे, कापड बाहेरचं आहे." निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे. उरलेले किंमत ऐकून. देशभक्ती चिनी भावातच हवी होती सगळ्यांना! देशी घ्या म्हणायला काय जातं? घ्यायची वेळ आली की दोनशे रुपयांसाठी घासाघीस. खिशात साठ हजारांचा फोन आहे, गाडीत चार हजारांचं डिझेल भरून राजमाचीला आलो आहोत, आणि दहा वर्षं टिकणाऱ्या सॅकवरून त्या माणसाला 'लुटारू' म्हणतोय आपण. त्याच वेळी थामेलमधून आणलेली नकली नॉर्थ फेस अभिमानाने मिरवतो, कारण ती 'काठमांडूहून आणलेली'!

दुसरा एक वर्ग आहे, त्याला फक्त लेबल लागतं. मुंबईच्या मदनपुऱ्यात किंवा दिल्लीच्या नबी करीममध्ये शेकडो घरांत पिशव्या शिवल्या जातात. तिथे हात असे तयार आहेत की बघत राहावं. पण त्यांच्या मालावर स्वतःचं नाव लावलं तर तीनशेला कुणी विचारत नाही, आणि भलत्याच विलायती कंपनीचं खोटं लेबल लावलं तर सातशेला हातोहात जातो. मग तो कारागीर नाव कशाला कमवेल? नाव कमवायला जी वर्षं लागतात ती आपण त्याला देतच नाही.

एका बाबतीत मात्र मी देशी-विदेशी काही बघत नाही, आणि तुम्हीही बघू नका. हार्नेस, कॅराबिनर, चढाईचा दोर. इथे प्रमाणपत्र हवंच. चढाईच्या दोराला ईएन 892, हार्नेसला ईएन 12277, कॅराबिनरला ईएन 12275. कारखान्यात उंचावर काम करणाऱ्यांचं सामान आपल्याकडेही चांगलं बनतं, पण त्याचे निकष वेगळे, ते दरीत लटकायला वापरू नये. आता ही प्रमाणपत्रं मिळवायची तर युरोपातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुने तपासून घ्यायचे, पुढे नियमित तपासण्या. फी पाचशे नग बनवणाऱ्याला आणि पाच लाख बनवणाऱ्याला जवळपास सारखीच. म्हणजे पुन्हा तोच साच्याचा हिशेब. आयआयटीसारख्या संस्था आपल्याकडे आहेत, कापड संशोधनाच्या संस्था आहेत. तिथे एखाद्या लहान उत्पादकाला परवडेल अशा फीमध्ये ही तपासणी झाली आणि ते प्रमाणपत्र बाहेर मानलं गेलं, तर कितीतरी गोष्टी बदलतील. पण हे मागायला रस्त्यावर कोण उतरणार? आपण तर सॅकची किंमत कमी करायला सांगतोय.

बुटांचं कोडं आता सुटलं असेल. ॲक्शनचा बूट स्वस्त होता कारण तो फक्त ट्रेकर घेत नव्हते. शाळकरी मुलं, वॉचमन, शेतकरी, कंपनीतला कामगार, सगळे घेत होते. तळव्याचं रबर-प्लास्टिक, वरचं कापड, नाडी, सगळं जवळपास एकाच पट्ट्यात तयार होत होतं. लाखोंनी खपत होतं, म्हणून साचा जोडामागे पैशांत पडत होता. सॅकला, तंबूला, झोपायच्या पिशवीला असा गिऱ्हाईक आपल्याकडे आत्ता कुठे तयार होतोय. दर शनिवार-रविवारी हरिहर आणि कळसूबाईवर जी जत्रा लोटते तिला आपण नावं ठेवतो. मीही ठेवतो. पण अण्णांच्या बाजूने बघितलं तर ती गर्दी म्हणजे पहिल्यांदाच आलेली बाजारपेठ आहे. ती गर्दी सगळीच्या सगळी दीड हजारवाल्या सॅकच्या मागे गेली, तर पुढची तीस वर्षं आपण हीच चर्चा करत बसू.

आता कुणी म्हणेल, "मग काय, धर्मादाय म्हणून महाग सॅक घ्यायची का?" मुळीच नाही. कॉलेजातल्या पोराने, ज्याच्याकडे दीडच हजार आहेत, त्याने खुशाल ती मॉलमधली सॅक घ्यावी. चांगली असते ती. डोंगरात जाणं महत्त्वाचं, लेबल नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण आहे ज्याला परवडतं, आणि तरीही जो शिवणाऱ्याला चोर म्हणतो त्याच्याशी.

आणि साडेतीन हजारांत नेमकं काय मिळतं तेही बघा. माझी अण्णांकडची सॅक बारा वर्षांची झाली. या काळात तिची चेन दोनदा बदलली, कमरेचा पट्टा एकदा नवा लावला, पाठीचा फोम एकदा. दर वेळी शे-दीडशे रुपये आणि चहा. माझ्या पाठीची लांबी मोजून त्यांनी पट्ट्याची जागा दोन इंच खाली घेतली होती. आमच्या ताईसाठी शिवली तेव्हा खांद्याचे पट्टे आत वळवून दिले. हे कुठल्या मॉलमध्ये होतं ते मला दाखवा. तिथे चेन गेली की सॅक गेली, आणि नवी घ्या. बारा वर्षांत तशा तीन सॅक झाल्या असत्या. आता गुणाकार तुम्हीच करा.

आणखी एक. दुर्घटना घडली की दरीत उतरणारी रेस्क्यूची पोरं असतात ना, त्यांच्या दोरांच्या पिशव्या, स्ट्रेचरचे पट्टे, कुणाच्या तरी तुटलेल्या सामानाची डागडुजी हे सगळं रात्री-अपरात्री कोण करून देतं? असाच एखादा अण्णा. कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र नाही. उद्या त्याने शटर ओढलं, तर आपण नुसता एक दुकानदार गमावणार नाही. हातातली कला, कापडाची पारख, कुठला टाका कुठे सुटतो याचं शहाणपण, सगळं जाईल. अण्णांचा मुलगा एका कंपनीत नोकरीला लागलाय. तो म्हणतो, "बाबा, यात काही राहिलं नाही." आणि मला त्याला सांगायला एकही वाक्य सुचत नाही. कारण तो आकड्यांवर बोलतोय आणि आकडे खरे आहेत.

असो. फार झालं. मला एवढंच म्हणायचं होतं की किंमत महाग वाटली तर 'परवडत नाही' म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कमीपणाही नाही. पण 'लूट' म्हणण्याआधी एकदा त्या माणसाच्या टेबलाशी अर्धा तास बसा. कापड कुठून आलं विचारा, बकल कितीला पडलं विचारा, मागच्या हंगामातले पैसे दुकानदाराकडून आले का ते विचारा. तो सगळं सांगेल, लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. आणि जमलं तर आगाऊ थोडी रक्कम देऊन या. हंगामाआधी दहा जणांनी मिळून आगाऊ दिली, तर त्याला कापडाचा अख्खा रोल रोखीने घेता येतो, व्याज वाचतं, आणि सॅक दोन-तीनशेने स्वस्त पडते. आमच्या ग्रुपने यंदा हेच ठरवलंय. जूनच्या आत नावं द्या, शेवाळी रंगाचा रोल आलाय म्हणे.